मिसिंग : जुन्या गाडीच्या आजाराचे निदान

(बी. ए. भाग २)

कला शाखेच्या वार्षिकांकात मोटारीच्या इंजिनावरचा लेख पाहून पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडतील. कथा, कविता, एखादा वैचारिक निबंध सोडून हा मिस्त्रीकामाचा विषय कशाला, असे कोणी विचारील तर ते वावगे नाही. माझे उत्तर एवढेच की, मागच्या वर्षी ग्रंथालयातून तर्कशास्त्राचे एक पुस्तक मी वाचायला नेले होते. त्यातील कार्यकारणभावाचे प्रकरण मला समजले ते खोलीत बसून नव्हे, तर अकोटातील माझ्या मामांच्या गॅरेजात. आणि ते समजण्यापूर्वी माझ्या हातून एक चूक झाली. त्या चुकीपायी एका सज्जन माणसाची चांगली गाडी भंगारात जाणार होती. ती हकीकत आणि तिच्यातून मी जे शिकलो ते, असे दोन्ही ह्या लेखात मांडण्याचा विचार आहे.

मिसिंग म्हणजे काय?

गाडी चालता चालता अडखळते, चढावर दम टाकते, उभी असताना सबंध अंगाने थरथरते, सायलेन्सरमधून 'फट्‌ फट्‌' असा तुटक आवाज येतो. आमच्या भागात ह्याला 'गाडी मिसिंग मारते' असे म्हणतात. मूळ शब्द इंग्रजी असला तरी तो आता वऱ्हाडी झाला आहे.

पेट्रोलच्या इंजिनात प्रत्येक सिलेंडरमध्ये चार क्रिया पाठोपाठ घडतात. पिस्टन खाली येतो तेव्हा पेट्रोल आणि हवेचे मिश्रण आत ओढले जाते. तो वर जातो तेव्हा ते मिश्रण दाबले जाते. मग प्लगची ठिणगी पडून ते पेटते आणि पिस्टन जोराने खाली ढकलला जातो. शेवटी पिस्टन पुन्हा वर येऊन जळालेला धूर बाहेर घालवतो. ह्या चार क्रियांसाठी इंजिनाचा दांडा म्हणजे क्रँक दोनदा फिरतो. इंजिन मिनिटाला ८०० फेरे ह्या मंद गतीने चालू असेल, तर प्रत्येक सिलेंडर मिनिटाला ४०० वेळा पेटतो. चार सिलेंडर धरले तर मिनिटाला १६०० ठिणग्या झाल्या. गाडी भरधाव असताना, ३००० फेऱ्यांवर, ह्याच ठिणग्या सेकंदाला १०० होतात. ह्यांपैकी एखाद्या सिलेंडरने आपली पाळी चुकवली की मिसिंग झाले. भजनात चार टाळकऱ्यांपैकी एकाचा टाळ वाजलाच नाही तर सबंध भजन लंगडते, तसाच हा प्रकार आहे.

मिश्रण पेटण्यासाठी तीन गोष्टी लागतात : योग्य प्रमाणात पेट्रोल आणि हवा, पुरेसा दाब, आणि योग्य क्षणी जोरदार ठिणगी. मिसिंगची कारणे कितीही असोत, ती ह्या तीन घरांपैकी एका घरात राहतात.

पद्मिनी गाडी आणि तिची ठिणगी

मी ज्या गाडीविषयी लिहिणार आहे ती प्रीमियर पद्मिनी होय. तिचा थोडा परिचय करून देणे अवश्य आहे. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद ह्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली. इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने तिच्या मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात मोटारी तयार होऊ लागल्या. १९६४ साली आलेली फियाट ११०० डिलाइट हीच पुढे सत्तरीच्या दशकात 'प्रीमियर पद्मिनी' ह्या नावाने ओळखली जाऊ लागली. आमच्याकडे मात्र जुनी माणसे आजही तिला 'फियाट'च म्हणतात. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि पद्मिनीचे दिवस फिरले. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती पुढेही टिकली. ३० ऑक्टोबर २०२३ पासून तीही टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून बंद झाली.

हिचे इंजिन १०८९ सी.सी.चे, चार सिलेंडरचे. ठिणगीची व्यवस्था जुन्या पद्धतीची आहे. बॅटरीचा १२ व्होल्टचा प्रवाह कॉइलमध्ये जातो. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट उघडतात त्या क्षणी हा प्रवाह तुटतो आणि कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो. हा दाब जाड वायरने डिस्ट्रिब्युटरच्या टोपीच्या मधोमध येतो. टोपीच्या आत फिरणारा रोटर तो पाळीपाळीने चार टोकांना वाटून देतो आणि तिथून चार वायरींनी तो चार प्लगांपर्यंत पोहोचतो. पाळीचा क्रम १-३-४-२ असा असतो. पॉइंट उघडताना तिथेच ठिणगी पडून ते जळू नयेत म्हणून कंडेन्सर नावाची एक लहानशी डबी बसवलेली असते.

हे सारे सांगण्याचे कारण असे की, ह्यातल्या काही वस्तू चारही सिलेंडरांच्या सामाईक आहेत आणि काही एकेकाच्या स्वतंत्र आहेत. बॅटरी, कॉइल, पॉइंट, कंडेन्सर, रोटर आणि कार्बोरेटर सामाईक. प्लग, प्लगची वायर, टोपीतले एक टोक, व्हॉल्व्ह आणि पिस्टन ज्याचे त्याचे. हा भेद वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे सर्व निदान त्यावरच उभे आहे.

पाहणे, ऐकणे, विचारणे

आयुर्वेदात रोग्याची परीक्षा दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न अशी तीन प्रकारची सांगितली आहे. माझे मामा सातवीपर्यंत शिकलेले. त्यांना हे शब्द ठाऊक नाहीत, पण गाडी दारात आली की ते आधी पान्याला हात लावत नाहीत. प्रथम गाडीवाल्याला विचारतात. केव्हापासून होते? थंड असताना की तापल्यावर? उभी असताना की चढावर? पाऊस झाल्यावर वाढते काय? त्याआधी कोणते काम केले होते, पेट्रोल कुठे भरले होते?

प्रत्येक उत्तराला अर्थ असतो. पावसाळी हवेत किंवा सकाळच्या दवात मिसिंग वाढत असेल तर वायरी आणि टोपी ह्यांच्यावर संशय जातो, कारण ओलाव्यातून वीज भलत्या वाटेने पळते. तापल्यावर वाढत असेल तर कॉइल, कंडेन्सर किंवा पेट्रोलची वाफ. चढावर वाढत असेल तर कमजोर ठिणगी किंवा अपुरे पेट्रोल. दाब वाढला की ठिणगी पडणे कठीण होते, म्हणून सपाटीवर लपलेला दोष चढावर उघडा पडतो. एखादे काम केल्यानंतर लगेच सुरू झाले असेल तर ते काम पुन्हा तपासावे. मात्र इथे सावध राहिले पाहिजे. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, असेही अनेकदा असते. आधी घडले तेच कारण, असे मानणे ही तर्कातील प्रसिद्ध चूक आहे.

मग ऐकणे. मिसिंग ठरावीक तालात होत असेल, म्हणजे दर चौथा ठोका चुकत असेल, तर दोष एका सिलेंडरचा. कधी इकडे कधी तिकडे, बेताल होत असेल, तर दोष सामाईक वस्तूचा. मामा वहीचा एक कागद सायलेन्सरच्या तोंडाशी धरतात. कागद एकसारखा बाहेर ढकलला गेला तर ठीक. मधूनमधून थरकला तर मिसिंग आहे. आणि मध्येच आत ओढला गेला तर बहुधा एखादा व्हॉल्व्ह जळून नीट बसत नाही. कागदाला पैसा लागत नाही, आणि इंजिन उघडावे लागत नाही.

गुरुजींची गाडी

मागच्या उन्हाळ्यापूर्वीची गोष्ट. तेल्हारा रस्त्यावरच्या एका खेड्यातून सेवानिवृत्त गुरुजी त्यांची पद्मिनी घेऊन आले. १९९४ साली त्यांनी ती जुनीच विकत घेतली होती. दोन्ही मुलींना कॉलेजात पोहोचवले ते ह्याच गाडीने, असे त्यांनी मला आल्याआल्या सांगितले. गाडी तीन महिन्यांपासून मिसिंग मारत होती. एका मोठ्या शहरातील गॅरेजात त्यांनी ती दाखवली होती. तिथे 'तीन नंबरचा सिलेंडर गेला, इंजिन खोलून बोर करावे लागेल' असे सांगून चाळीस हजारांचा अंदाज दिला होता. शिवाय पंधरा वर्षांवरील गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. मोटारीसाठी तिचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० झाले, आणि २०२५ साली वीस वर्षांवरील मोटारींसाठी १०,००० करण्यात आले. निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या माणसाने हा सारा हिशेब कसा जुळवावा? भंगारवाल्याशी त्यांचे बोलणे सुरू झाले होते. आमच्याकडे ते केवळ शेवटचे विचारायला आले होते.

मामा त्या वेळी दुसऱ्या गाडीखाली होते. ते म्हणाले, "तू पाह्य. पण दिसते थे सांगजो. वाटते थे मंग."

मी ऐकले. ठोका तालात चुकत होता. इंजिन मंद चालू ठेवून मी एकेका प्लगची वायर काढून पाहिली. ही फार जुनी आणि खात्रीची परीक्षा आहे. चांगल्या सिलेंडरची वायर काढली की इंजिनाचा आवाज पडतो. मेलेल्या सिलेंडरची काढली तर काहीच फरक पडत नाही, कारण तो आधीच काम करत नव्हता. (हे करताना हातात कोरडे रबरी आवरण असलेला पकड घ्यावा, वायरीचे टोक इंजिनाच्या लोखंडाला टेकते ठेवावे आणि परीक्षा क्षणभरात आटोपावी. नव्या इलेक्ट्रॉनिक गाड्यांवर हा प्रयोग मुळीच करू नये. त्यांचे महागडे भाग जळतात.) एक, दोन आणि चार नंबरला आवाज पडला. तीनला पडला नाही. म्हणजे तीन नंबर मेलेला होता, एवढे नक्की.

मग मी तीनचा प्लग काढून एक नंबरला बसवला आणि एकचा तीनला. पुन्हा परीक्षा केली. एक नंबर चांगला चालत होता, तीन मेलेलाच होता. दोष प्लगाबरोबर हलला नाही, म्हणून प्लग निर्दोष ठरला. इथपर्यंत माझे सर्व बरोबर होते.

पण मी तिथे थांबलो नाही. गुरुजी शेजारी उभे होते. मोठ्या गॅरेजाचा निकाल माझ्या कानात होता. मी हात पुसत म्हणालो, "गुरुजी, प्लग चांगला आहे. तीन नंबरचं कॉम्प्रेशनच गेलेलं आहे. इंजिन खोलावंच लागेल."

गुरुजी काही वेळ बोनेटवर हात ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, "तू कॉलेजात शिकतोस ना रे? मग बरोबरच असेल. राहू दे आता, रविवारी भंगारवाल्याला बोलावतो." आणि गाडी आमच्याच दारात ठेवून ते एस.टी.ने गावी गेले.

चूक कुठे झाली?

संध्याकाळी मामांनी विचारले, तेव्हा मी सर्व सांगितले. प्लग बदलून पाहिला, दोष हलला नाही, म्हणून इंजिन गेले. मामा हसले नाहीत. म्हणाले, "काहून रे, तीन नंबरात प्लग एकटाच राह्यते काय? वायर तं तशीच होती ना? टोपी तशीच होती ना?"

मी गप्प झालो. प्लग निर्दोष आहे ह्यावरून प्लग सोडून दुसरे काहीतरी सदोष आहे, एवढेच सिद्ध झाले होते. ते दुसरे काहीतरी म्हणजे इंजिनच, हे मी माझ्या मनाने जोडले. एका संशयिताला सोडले म्हणून बाकीच्यांतल्या एकाला, तपास न करता, फाशी देण्यासारखे ते होते. आणि तो एक मी निवडला तोही मोठ्या गॅरेजाने आधी नाव घेतले होते म्हणून.

घरी येऊन मी ते तर्कशास्त्राचे पुस्तक पुन्हा उघडले. जॉन स्टुअर्ट मिल ह्या इंग्रज तत्त्वज्ञाने १८४३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात कारण शोधण्याच्या काही पद्धती सांगितल्या आहेत. त्यांपैकी व्यतिरेक पद्धती अशी : दोन प्रसंग इतर सर्व बाबतींत सारखे असावेत, फक्त एका गोष्टीत फरक असावा. कार्य एका प्रसंगी घडले आणि दुसऱ्या प्रसंगी घडले नाही, तर तो फरक हेच कारण किंवा कारणाचा भाग होय. प्लगांची अदलाबदल ही नेमकी हीच पद्धती आहे. मात्र तिची अट अशी की एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि निष्कर्ष त्या एका गोष्टीपुरताच काढावा. पुस्तकात ही अट मी पेन्सिलीने अधोरेखित केलेली होती! गॅरेजात मात्र मला ती आठवली नव्हती.

पुन्हा तपास

दुसऱ्या दिवशी मामांनी मला पहिल्यापासून तपास करायला लावला. आधी तीन नंबरची वायर काढून तिच्या जागी गॅरेजातली चांगली वायर लावली. तीन मेलेलाच. वायर सुटली.

मग प्लग पाहिला. प्लगचे तोंड हे सिलेंडरचे आरोग्यपत्रक असते. फिकट तपकिरी असेल तर सर्व ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त. तेलकट काळे असेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्हचे गाइड झिजून ऑइल वर येते. पांढरट असेल तर पेट्रोल कमी आणि उष्णता जास्त. पेट्रोलने नुसता ओला असेल तर पेट्रोल येते, पण पेटत नाही. तीनचा प्लग ओला होता. बाकीचे तीन तपकिरी होते.

त्यानंतर सर्व प्लग काढून दाब मोजला. प्लगच्या जागी गेज लावायचे, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवायचा आणि काटा पाहायचा. एक नंबरला १२०, दोनला ११८, तीनला १२२, चारला १२० पौंड. ज्या सिलेंडरला मी मेलेला ठरवले होते त्याचा दाब चौघांत सर्वांत जास्त निघाला! तीनचा दाब कमी भरला असता तर आत चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजला असता. ऑइलने दाब वाढला तर रिंगा गेलेल्या, न वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सिलेंडर एकदम कमी भरले तर त्यांच्यामधली गॅस्केट फुटलेली. इथे त्याची गरजच पडली नाही.

मामांनी इनटेकच्या जोडावर साबणाचे पाणी टाकून पाहिले. जोड तिथे उघडा असेल तर पाण्याने तो क्षणभर बंद होतो आणि इंजिनाचा आवाज बदलतो. बदलला नाही. हवा चोरून आत येत नव्हती.

आता सामाईक आणि स्वतंत्र ह्या भेदाचा उपयोग झाला. चार भावांच्या शेतात एका सामाईक विहिरीचे पाणी जाते, असे समजा. तिघांचे ओलित नीट होते आणि एकाचेच शेत कोरडे राहते. तर विहिरीत पाणी नाही असे कोणी म्हणणार नाही. दोष त्या एकाच्या नालीत असला पाहिजे. बाकी तीन सिलेंडर उत्तम चालत होते, म्हणून बॅटरी, कॉइल, पॉइंट, कंडेन्सर, रोटर आणि कार्बोरेटर एकदम सुटले. तीनच्या स्वतःच्या वस्तूंपैकी प्लग सुटला, वायर सुटली, व्हॉल्व्ह आणि पिस्टन सुटले. पेट्रोल पोहोचत होते, पेटत नव्हते. आता उरले ते फक्त टोपीतले तीन नंबरचे टोक.

टोपी काढून पाहिली तर वरवर स्वच्छ होती. मामांनी गॅरेजातले दिवे बंद करायला सांगितले आणि अंधारात इंजिन सुरू केले. तीन नंबरच्या टोकापासून टोपीच्या कडेच्या लोखंडी क्लिपपर्यंत निळ्या दोऱ्यासारखी ठिणगी नाचत होती. टोपीला केसासारखी बारीक चीर गेली होती. तिच्यात धूळ आणि ओलावा शिरून कोळशाची एक रेघ तयार झाली होती आणि तीनची सगळी वीज प्लगकडे न जाता त्या रेघेने इंजिनाच्या अंगात पळत होती. दिवसाउजेडी हे कधीच दिसले नसते.

मामांनी ती रेघ पात्याने खरवडली, मामींची नखांना लावायची पॉलिश आणून तिच्यावर दोन हात दिले आणि वाळू दिली. गाडी चार सिलेंडरवर चालू लागली. अर्थात हा तात्पुरता इलाज. नवी टोपी अकोल्यात मिळाली नाही. ओळखीच्या माणसाकरवी ती मुंबईहून आठ दिवसांनी आली. किंमत सहाशे रुपये. चाळीस हजार कुठे आणि सहाशे कुठे!

मी मामांना म्हणालो, आता तुम्ही गुरुजींना फोन करा. ते म्हणाले, "थ्यायनं तुह्या बोलण्यावर भरोसा ठेवला, माह्या नाही. तू कॉलेजात जातं म्हणून. तं आता तूच जाऊन सांग." मी शनिवारी गुरुजींच्या गावी गेलो आणि माझे चुकले असे सांगितले. ते रागावतील असे वाटले होते. त्यांनी चहा दिला आणि विचारले, "चूक कशी झाली ते नीट सांग." मी सांगत गेलो आणि ते वर्गात बसल्यासारखे ऐकत गेले.

उरलेला दोष

कथा इथे संपली असती तर ती फारच गोड झाली असती. एप्रिलच्या अखेरीस गुरुजींचा फोन आला. अकोल्याहून परतताना गांधीग्रामजवळ, पूर्णेच्या काठी, चहासाठी थांबल्यावर गाडी पुन्हा अडखळू लागली आणि बंदच पडली. मला वाटले, आपले निदान पुन्हा चुकले. मामा म्हणाले, "आधी इचार, तसंच होते का येगळं होते."

वेगळे होते. ह्या वेळी ठोका तालात चुकत नव्हता; सबंध इंजिन गुदमरत होते. म्हणजे दोष एकाचा नसून सामाईक वस्तूचा होता. गाडी धावताना ठीक होती, तापून उभी राहिल्यावर बिघडली. तापल्यावर दगा देणारी कॉइल, कंडेन्सर आणि पेट्रोल अशी तीन माणसे. त्यांच्यात फरक करण्याची वेळ गाडी बंद असतानाचीच असते, कारण थंड झाली की तिन्ही निर्दोष दिसतात. आम्ही मोटारसायकलवर पोहोचलो तेव्हा ठिणगी पाहिली : निळी आणि जोरदार. कॉइल आणि कंडेन्सर सुटले. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल मात्र नव्हते. मामांनी ओले फडके पेट्रोलपंपावर आणि पाइपवर गुंडाळले. दहा मिनिटांत गाडी सुरू झाली.

आमच्या अकोला जिल्ह्याचा उन्हाळा सर्वांना ठाऊक आहेच. पारा ४५ अंशांच्या वर जातो. इंजिनाच्या उष्णतेने पाइपातल्या पेट्रोलची वाफ होते, आणि पंप वाफ ओढू शकत नाही. पाइपाची एक क्लिप तुटून तो एक्झॉस्टच्या गरम नळ्यांजवळ सरकला होता. तो दूर बांधला आणि त्रास गेला. मिलच्या अवशेष पद्धतीचा अर्थ मला त्या दिवशी कळला : ज्ञात कारणाने जेवढे समजते तेवढे वजा केल्यावर जे उरते, त्याचे कारण वेगळे शोधले पाहिजे. एका रोग्याला दोन आजार असू शकतात. दुसरा आजार निघाला म्हणून पहिले निदान खोटे ठरत नाही.

जुन्या गाडीवाल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येऊ लागले आणि २०२५ पर्यंत ते देशभर पसरले. इथेनॉलमध्ये प्राणवायू असतो, म्हणून जुन्या कार्बोरेटरला तेच मिश्रण पातळ पडते, आणि पातळ मिश्रण पेटायला अवघड. शिवाय इथेनॉल पाणी शोषून घेते. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर हे पाणी टाकीच्या तळाशी साचून मिसिंग होऊ शकते. जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदाही त्याने फुगतात किंवा मऊ पडतात. म्हणून नळ्या दरवर्षी पाहाव्यात आणि टाकीत जुने पेट्रोल साठवू नये.

यंत्र सांगते तेवढेच सत्य नव्हे

कोणी म्हणेल, ही विद्या आता कालबाह्य झाली. नव्या गाड्यांमध्ये संगणक आहे. क्रँकच्या फिरण्यात बारीक झटका आला की तो ओळखतो आणि 'पी ०३०३' असा आकडा दाखवतो. ह्याचा अर्थ, तीन नंबर सिलेंडरमध्ये मिसिंग. हे यंत्र खरोखर अद्भुत आहे. पण ते सांगते ते 'कोठे', 'का' नव्हे. गुरुजींच्या गाडीत जे मी पहिल्या दहा मिनिटांत शोधले होते तेवढेच ते सांगते. त्यापुढे प्लग, वायर, कॉइल, इंजेक्टर की व्हॉल्व्ह, हे माणसालाच एकेक गोष्ट बदलून ठरवावे लागते. आकडा पाहून सरळ महागडा भाग बदलणारा मिस्त्री आणि प्लग पाहून इंजिन खोलायला निघालेला मी, ह्यांच्यात फरक तो काय?

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे घरात आणि गल्लीत माझ्या शब्दाला माझ्या ज्ञानापेक्षा जास्त वजन मिळते. हे वजन किती धोक्याचे आहे, ते बोनेटवर हात ठेवून उभ्या असलेल्या गुरुजींनी मला नकळत शिकवले. सातवी शिकलेल्या माणसाचे 'अजून पाहू' हे शब्द त्या दिवशी माझ्या 'लागेलच' ह्या शब्दापेक्षा अधिक शास्त्रीय होते.

गुरुजींची पद्मिनी आजही धावते. मागच्या महिन्यात ती सर्व्हिसिंगला आली होती. मी काही बोलण्याआधी गुरुजीच म्हणाले, "आधी कागद धर सायलेन्सरला. मग बोल." मी माझ्या वहीतला कागद फाडला आणि धरला. तो एकसारखा बाहेर ढकलला जात होता.